‘घरी’ या शब्दाची नोंद

पडद्याच्या तळाशी, बारीक पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली होती : संपूर्ण माहिती याच मशीनवर उपलब्ध आहे. तिनं ती एकदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. याच मशीनवर म्हणजे कुठल्या? तिच्या समोरच्या, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात गेलं वर्षभर ठाण मांडून बसलेल्या, ज्याला ती मनातल्या मनात सवत म्हणायची, त्या मशीनवर? सकाळचे अकरा वाजले होते. नकाशाघरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. शेजारची खुर्ची रिकामी होती, कारण तिथे बसणारा आरेखक, ज्याला सगळे कंपास म्हणायचे, आज दाढ काढायला गेला होता. आणि टेबलावर त्यानं काल जाताना लिहून ठेवलेली चिठ्ठी होती, पाच ओळींची, त्याच्या त्या सरळ उभ्या, एकसारख्या, आरेखकाच्या अक्षरांत. दुसऱ्या ओळीत त्यानं घाईघाईत एक अक्षर चुकवलं होतं. तिनं ते जसंच्या तसं उतरवलं तेव्हा मशीननं ते पकडलं, कुरकुर केली आणि खाली हे लिहिलं. एरवी असं काही उमटलं की कंपास बाजूनं हात घालून ते घालवून टाकायचा. “ते वाचत बसू नकोस. ते शिकलेल्यांसाठी असतं.” आज हात घालायला कोणी नव्हतं, म्हणून तिनं वाचलं, इतकंच.

पाणी खात्याच्या या नकाशाघरात तिची बावीस वर्षं गेली होती. शहराच्या पोटातून गेलेल्या नळांचे सोळा हजार नकाशे, उथळ लांब खणांमध्ये, आणि त्या खणांच्या मधून फिरणारी ती. कुठल्या गल्लीखाली किती इंची नळ आहे, तो कुठे वळतो, त्याचा व्हॉल्व्ह कुठल्या भिंतीपासून किती फुटांवर आहे, हे तिला तोंडपाठ होतं. पाठ करायला ती कधी बसली नव्हती. नातेवाइकांचे चेहरे माणूस थोडेच पाठ करतो? कुठे नळ फुटला की तिथला फिटर थेट तिला फोन करायचा आणि ती जागेवरून न उठता सांगायची. आधी सगळे तिला चालतंबोलतं दप्तर म्हणायचे, मग त्याचं दप्तरताई झालं. या नावावर ती वरवर चिडायची, पण साहेब बदलले की नव्या साहेबांसमोर कोणीतरी ते उच्चारेपर्यंत तिला चैन पडायचं नाही. आणि मग गेल्या वर्षी खात्यानं विकतची प्रणाली टाकून देऊन ही नवी आणली. हिची मालकी म्हणे कोणाचीच नाही, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, कोणीही घ्यावी, उघडून बघावी. सगळे नकाशे मशीनमध्ये जायचे, त्यांना नवी नावं द्यायची, नव्या कप्प्यांत लावायचे, आणि ते सगळं काळ्या खिडकीत शब्द लिहून करायचं. ते शिकून आला फक्त कंपास. खिशाला कायम कर्कटक लावलेला, बावीस वर्षं तिच्या शेजारच्या फळीवर नकाशे काढणारा, डब्यातली भाजी तिच्या डब्याच्या झाकणात न विचारता वाढणारा कंपास. “घाबरतेस कशाला? मी आहे ना!” तो म्हणाला होता, आणि ती खरंच घाबरली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, “याची सूची कुठाय?” कारण प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात सूची असते, तुटक रेघ म्हणजे काय, गोल म्हणजे काय. ज्याला सूची नाही तो नकाशा नव्हेच, ते चित्र, असं ती नव्या आलेल्यांना दरडावून सांगत असे. कंपास हसला होता. “अगं, फुकट वाटलेली वस्तू ही. तिची माहिती कोण लिहून देतंय? हे हातानंच शिकायचं. मी सांगतो तसं कर.” मग सुरू झाल्या चिठ्ठ्या. सकाळी तो चिठ्ठी द्यायचा, तिच्यावरून ती दिवसभर काम करायची, संध्याकाळी तो ती परत घेऊन चार तुकडे करून टोपलीत टाकायचा. “चिठ्ठ्यांची सवय नको लावून घेऊस. डोक्यात राहिलं पाहिजे.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुर्चीवर बसायची, काळी खिडकी उघडायची, नि डोक्यात काही नसायचं. कालचा शब्द आधी का आजचा? मधली आडवी रेघ एक की दोन? तिरपी रेघ इकडून का तिकडून? ज्या डोक्यात सोळा हजार नकाशे मावले त्यात पाच ओळी मावत नव्हत्या. पलीकडच्या टेबलावरचा, निम्मा वेळ बाहेर मोजणीवर असणारा मोजणीदार, ज्याला स्वतःच्या मुलाचा वाढदिवस बायकोनं फोन करून सांगावा लागतो, तो वरच्या बाणाचं बटण दाबायचा नि कालची अख्खी ओळ टपकन पडद्यावर यायची. तिनं तेच बटण दाबलं तर काहीच यायचं नाही. रिकामी जागा, आणि तिच्यात लुकलुकणारी चौकट. “त्याच्या हाताला लागलंय ते मशीन,” कंपास म्हणाला होता. “तुझ्याही लागेल.”

तिनं चिठ्ठी बाजूला सारली आणि त्या ओळीच्या शेवटी मशीननं जो शब्द सुचवला होता तो लिहिला. पडदा भरून गेला. नाव बदलण्याच्या त्या एका आज्ञेची सगळी माहिती, प्रत्येक आडवी रेघ कशासाठी, प्रत्येक अक्षराचा अर्थ काय, एकाखाली एक. भाषा रुक्ष होती, खात्याच्या जुन्या नियमपुस्तकासारखी, आणि नियमपुस्तकं तर तिनं आयुष्यभर वाचली होती. तिनं कप्प्यांची आज्ञा विचारली, तिचंही पान निघालं. नक्कल करण्याचं निघालं. शोधण्याचं निघालं, ते तर अठरा पानांचं. माहितीची पानं कशी वाचावीत याचंसुद्धा एक पान होतं! शेवटी ज्यांनी ते लिहिलं त्यांची नावं, दोन-दोन तीन-तीन, कुठली कोण माणसं, जन्मात भेटायची नाहीत. कोणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून, कोणी सांगितलेलं नसताना, तिच्यासारखी एखादी बाई अडेल म्हणून हे लिहून ठेवलं होतं. तिला भरून आलं. मग दुसऱ्याच क्षणी तिला प्रश्न पडला. कंपासला हे ठाऊक नव्हतं? तीन महिने शिकून आलेल्या माणसाला? नसेल ठाऊक, तिनं स्वतःला समजावलं. तो आरेखक आहे, त्याला वाचनाची आवड कुठाय. बावीस वर्षांत त्यानं वर्तमानपत्राचं शेवटचं पान सोडून काही वाचलेलं तिला आठवत नव्हतं. असं म्हणून ती जरा हसलीसुद्धा.

खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पर्समध्ये पत्र होतं. स्वेच्छेनं सेवानिवृत्त होत असल्याचं, खाली तिची सही. मजकूर कंपासनंच लिहून दिला होता, नीट, समासासकट. “आज साहेबांच्या हातात दे,” तो काल जिन्यात म्हणाला होता, गालावर हात धरून. “चालढकल करू नकोस. लोकांना कळायच्या आत सुटलेलं बरं.” लोकांना काय कळायच्या आत, ते त्यानं उच्चारलं नव्हतं, नि उच्चारायची गरजही नव्हती. ते दोघांतच होतं. तिची आई एकाहत्तराव्या वर्षी विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग नावं. एका दुपारी आई न्हाणीघराच्या दारात उभी राहून म्हणाली होती, “तुम्ही कोणाकडच्या?” आणि तिनं, पोटच्या मुलीनं, आपलं नाव सांगितलं, तर आई इतक्या सौजन्यानं हसली होती की मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. एकदा आई घरातून निघून गेली तेव्हा सहा गल्ल्या पलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर ती सापडली, आणि शोधून आणणारा कंपास होता. आईला स्वतःच्या चपला घालून, स्वतः अनवाणी चालत तो घेऊन आला होता. म्हणून भीती वाटली तेव्हा तिनं ती कोणाला सांगितली? नवऱ्याला नाही. नवरा थट्टेवारी नेतो. “विसरायचंच असेल तर आधी माझे दोनचार गुन्हे विसर,” म्हणाला असता, आणि मग रात्रभर कुशी बदलत पडला असता. तिनं कंपासला सांगितलं. तोच तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी पाच शब्द सांगितले : उशी, पूल, लिंबू, शिट्टी, आरसा. इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पुन्हा विचारले, तर तिनं उलट्या क्रमानं धडाधडा म्हणून दाखवले. डॉक्टरीणबाई हसल्या. “काही झालेलं नाही तुम्हाला. झोप नीट घ्या.” ती बाहेर आली, तर कंपास बाकावर तिची पर्स मांडीवर धरून बसला होता. तिनं सांगितलं तेव्हा त्यानं पर्स तिच्या हातात दिली. “सुरुवातीला कळत नाहीच गं,” तो मग म्हणाला. “तुझ्या आईच्या वेळीही असंच म्हणाले होते ना?” म्हणाले होते. अगदी असंच म्हणाले होते.

तेव्हापासून ती घरी कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवायला लागली. आरशात बघताना आईची ती सौजन्याची नजर कुठे डोकावते का, ते शोधायला लागली. बोलता बोलता एखादा शब्द अडला तर पाठीला घाम फुटायचा. फिटरचा फोन आला की अजूनही सगळं बिनचूक सांगायची, पण ते जुनं होतं, आणि जुनं शेवटी जातं हे तिनं आईकडे बघून शिकून घेतलं होतं. आईलाही लहानपणच्या विहिरीच्या पायऱ्या किती, ते शेवटपर्यंत सांगता यायचं. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही. रोज सकाळची ती काळी रिकामी खिडकी म्हणजे तिची डॉक्टरीणबाई होती, आणि तिचा निकाल रोज एकच होता.

दुपारचा डबा तिनं उघडला नाही. तिला नाद लागला होता. माहीत असलेला प्रत्येक शब्द ती विचारून बघत होती आणि प्रत्येकाचं पान निघत होतं. एकही आज्ञा बेवारस नव्हती. साडेतीनला तिला वाटलं, आता आवरावं, पत्र देऊन यावं. साहेब चारनंतर बैठकीला जातात. आवरायचं म्हणजे शेवटचा शब्द लिहायचा : घरी. तो कंपासनं तिच्यासाठी करून दिला होता, पहिल्याच महिन्यात. “दिवस संपला की नुसतं ‘घरी’ असं लिही. मशीन स्वतःचं स्वतः आवरेल नि तुला सोडेल. रोज लिहायचं हं, नाहीतर मशीन जड होतं.” तिला ते फार गोड वाटलं होतं. एवढ्या परक्या, खडखडीत शब्दांत एक आपला शब्द, तोही कोणीतरी आपल्यासाठी घडवलेला. नवऱ्यालाही तिनं कौतुकानं सांगितलं होतं. आता गंमत म्हणून, निव्वळ गंमत म्हणून, तिनं लिहिण्याआधी त्याचंही पान मागितलं. मशीननं उत्तर दिलं : ‘घरी’ या शब्दाची नोंद नाही.

साहजिकच आहे, ती मनाशी म्हणाली. जगातल्या लोकांना हा शब्द कुठून माहीत असणार. पण नोंद नाही, हे वाक्य तिच्या डोळ्यांना सलत राहिलं. बावीस वर्षांत तिच्या खणांत नोंद नसलेला एकही कागद राहिलेला नव्हता. मघाशीच एका पानावर तिनं वाचलं होतं की एखादं नाव कोणी स्वतः पाडलेलं असेल तर त्याच्यामागे काय दडलंय, ते मशीनला विचारता येतं. तिनं विचारलं. एकच ओळ आली. ‘घरी’ म्हणजे तीन आज्ञा, एकीला लागून एक. पहिली आणि दुसरी एकाच शब्दाच्या होत्या, शेवटची बाहेर पडण्याची. त्या शब्दाचं पान तिनं काढलं. तिथे लिहिलं होतं, स्वच्छ, कोणाचाही राग-लोभ नसलेल्या भाषेत, की तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ मशीन जपून ठेवतं. वरचा बाण दाबला की ती परत मिळते, कालची, परवाची, महिन्यापूर्वीची. ती सगळी यादी पुसून टाकायची असेल तर अमुक अक्षर लावा. आणि ती पुसलेली, कोरी यादी कायमची करायची असेल तर तमुक अक्षर लावा. कंपासनं दोन्ही लावली होती.

ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाहेर जिन्यात कोणीतरी टेबल सरकवत होतं, त्याचे पाय फरशीवर घासत होते. म्हणजे रोज संध्याकाळी, स्वतःच्या हातानं, घरी जायच्या आनंदात, तिनं आपला दिवस पुसला होता. वर्षभर. नि रोज सकाळी तो रिकामा बघून घाबरली होती, आणि घाबरून कंपासकडेच बघितलं होतं. त्यानं खुर्ची ओढली होती. “परत विसरलीस? असू दे, असू दे.” ते असू दे! किती मायेनं म्हणायचा तो. त्या असू देच्या आधारावर ती वर्षभर उभी होती. चिठ्ठ्या फाडायचा तेव्हाही चार सारखे तुकडे करायचा, टोक टोकाला जुळवून. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आला तो संताप, आणि संतापाच्या आत एक लाजिरवाणी, बारीकशी सुटका : मला काही झालेलं नाही. ही सुटकासुद्धा त्यानंच घाण करून ठेवली होती. चार वाजून गेले, साहेबांच्या खोलीचं दार वाजलं. पत्र पर्समध्येच राहिलं. साडेपाचला तिनं नुसती खिडकी बंद केली, मशीन बंद केलं, आणि तो शब्द न लिहिता घरी गेली. नवऱ्यानं विचारलं, “चेहरा का असा?” तिनं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंपासून. तो एकदाही थट्टा न करता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “एवढं वर्ष मला का नाही सांगितलंस?” सांगण्यासारखा माणूस तिनं निवडला होता.

दुसऱ्या दिवशी कंपास आला तो गाल सुजवून, तरी वेळेवर. हातात चिठ्ठी होती. “दिलंस पत्र?” त्यानं खुर्ची ओढत विचारलं.

“बस,” ती म्हणाली. तिनं मशीन सुरू केलं, काळी खिडकी उघडली आणि वरच्या बाणाचं बटण दाबलं. कालची शेवटची ओळ आली, त्या शब्दाचं पान मागणारी. पुन्हा दाबलं. त्याच्या आधीची आली : ‘घरी’ म्हणजे काय, हे मशीनला विचारलेली. तिनं हात बाजूला घेतला. ती ओळ त्या दोघांच्या मध्ये तशीच राहिली.

कंपासनं ती वाचली. चिठ्ठी धरलेला हात त्यानं खाली घेतला. “हे कोणी शिकवलं तुला?”

“कोणी नाही. लिहिलेलं आहे. मशीनमध्येच आहे सगळं. सूचीसकट.”

“अगं, मशीन जड होऊ नये म्हणून मी…”

“तेही वाचलं. तसं काही होत नाही.”

तो सुजलेल्या गालावरून हात फिरवत राहिला. “बावीस वर्षं,” तो शेवटी म्हणाला, पडद्याकडे बघत. “‘दप्तरताईला विचार.’ रेघ न् रेघ मी काढायची, आणि फोन तुला. साहेब कोणीही असो, विचारायचं तुलाच. मला कोणी कधी एक गोष्ट विचारली नाही. मग तू रोज सकाळी विचारायला लागलीस. बरं वाटायचं गं. उद्या काढून टाकू ते, उद्या काढून टाकू, असं म्हणता म्हणता…”

“आणि पत्र?”

“तू दमली होतीस. मला वाटलं, सुटशील.”

“डॉक्टरकडे बाकावर तू बसला होतास,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्याचं तिलाच नवल वाटलं. “माझी पर्स धरून. मी बाहेर येऊन सांगितलं, काही नाही म्हणाल्या. तेव्हा तू माझ्या आईचं नाव घेतलंस. तेवढं एक तरी नव्हतं घ्यायचं, कंपास. तिला तू तुझ्या चपला घातल्या होत्यास.”

त्याचे डोळे भरले. ते खरे होते, हे तिला कळत होतं, आणि त्यामुळेच तिला जास्त किळस आली. तिनं पर्समधून पत्र काढलं. खालची सहीची पट्टी रात्रीच कात्रीनं कापून घेतली होती. उरलेला कागद तिनं त्याच्यापुढे सरकवला. “हे तुझं आहे. अक्षर तुझं, मजकूर तुझा. चिठ्ठीही ठेव तुझ्याकडेच.”

तेवढ्यात फोन वाजला. दक्षिणेकडचा फिटर होता, मागे पाण्याचा आवाज इतका की तो ओरडूनच बोलत होता. “ताई, पिठाच्या गिरणीमागं फुटलाय! रस्ता भरला सगळा. व्हॉल्व्ह कुठं मिळंल?”

“गिरणीच्या मागच्या भिंतीपासून अकरा फूट,” ती म्हणाली, “जुन्या तोलकाट्याच्या अलीकडे. झाकण डांबराखाली गेलंय, खणावं लागेल. आणि ऐक, उलट्या आट्यांचा आहे तो. डावीकडे फिरव, म्हणजे बंद होईल.”

“तोंडपाठ आहे बघा ताईंना!” फिटर कोणाला तरी म्हणाला, आणि फोन ठेवला गेला.

तिनंही ठेवला. कंपास तसाच बसला होता, कागद आणि चिठ्ठी मांडीवर घेऊन. ती उठली, खणांच्या तिसऱ्या रांगेपाशी गेली, चाळिसावा खण ओढला आणि गिरणीचा नकाशा काढला. फोनवर सांगून झाल्यावर नकाशा काढून बघायची वेळ बावीस वर्षांत तिच्यावर आली नव्हती. कंपासनं मान वर करून बघितलं, आणि ती काय करतेय ते त्याला समजलं. अकरा फूट. तोलकाट्याच्या अलीकडे. कोपऱ्यातल्या सूचीत, त्याच्याच सरळ उभ्या अक्षरांत, उलटे आटे. सगळं तिनं सांगितलं तसंच होतं. तिनं नकाशा जागेवर ठेवला, खण ढकलला, टेबलाकडे वळली. दोन पावलं चालली. मग परत गेली आणि खण पुन्हा ओढला.